बॉनेटचा उजवा भाग

गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमच्या स्वतःच्या गाडीवर आम्ही डाग शोधत नाही. डाग नसलेली जागा कधीतरी सापडते आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

ही गाडी ताईंची. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या त्या शाळेतून. मुख्याध्यापिका अजून आहेत. गाडी गडद निळी, वयाने बरीच, पण अशी ठेवलेली की तिच्या दारात बघून केस नीट करावेत. मुलाकडे राहायला जाताना ताईंनी गाडी आमच्या पार्किंगमध्ये आणून उभी केली. आमची रस्त्यावर गेली. नवऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला, तर ताईंनी ती त्याच्या हातावरून उचलून माझ्या हातावर ठेवली.

"हिच्याकडे देते आहे. ही शास्त्र शिकलेली आहे, वस्तू जपेल. तू गाडीत बसून केळं खातोस."

"एकदा खाल्लं होतं," नवरा म्हणाला.

"साल सीटखाली सापडली. अगं, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत जा. बाकी काही करायची गरज नाही."

माझ्या लग्नानंतर ताईंनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. त्यांच्या आधीच्या शब्दांत 'बारीक आहे' आणि 'बोलत नाही' हे दोन येतात. तेव्हा ती किल्ली माझ्यासाठी किल्ली नव्हती, प्रशस्तिपत्र होतं, आणि ते मला जसंच्या तसं परत करायचं होतं.

ताईंचं आणि गाडीचं नातं घरात सगळ्यांना माहीत आहे. आमचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा एका टेम्पोने ही गाडी घासली आणि ती अख्खी रंगवून घ्यावी लागली. तेव्हापासून ताई कुठलाही टेम्पो दिसला की ओठ आवळतात. टेम्पोने गाडीचं छप्पर कसं घासलं, हा प्रश्न मला त्याच वेळी पडला होता. पण नव्या सुनेने असे प्रश्न विचारायचे नसतात.

गाडी आल्यावर काही दिवसांतच बॉनेटवर पिवळे ठिपके दिसले. मोहरीएवढे, काही लांबट, काहींना शेपटी. वाळलेले, कडक.

मी औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एखादी गोष्ट दिसली की आधी तिचं कारण ठरवायचं आणि मग तिला हात लावायचा, ही आमची शिस्त. मी विचार केला. गाडी रोज पुसली जाते, ती आमच्या इमारतीच्या पाण्याने. आमचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला क्षारांची कड धरते. पाणी वाळतं, क्षार उरतात, पाइपच्या गंजाने पिवळे होतात. इतकं स्वच्छ अनुमान मला क्वचितच सुचलं असेल. मी त्याच दिवशी गाडीला पाणी बंद केलं. ओलं फडकं बंद, बादली बंद, गाडी धुणाऱ्यालाही येऊ नको म्हणून सांगितलं.

ताई रविवारी फोन करत. मुलाची चौकशी मी करायच्या आत विचारत, "गाडी कशी आहे?"

"छान आहे."

"पुसतेस ना?"

"काळजी घेते," मी म्हणाले. हे वाक्य मी बराच विचार करून निवडलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

पाणी बंद केल्यावर डाग वाढले.

आता प्रामाणिक माणसाने आपलं अनुमान तपासायला हवं होतं. मी तपासलंही, डावीकडच्या पत्र्यावर व्हिनेगर टाकून पाहिलं. क्षार असते तर बुडबुडे आले असते. बुडबुडे आले नाहीत. उन्हात पत्रा तापलेला होता, तिथे व्हिनेगर वाळून एक पांढुरका नकाशा मात्र उमटला. म्हणजे आता माझ्याकडे दोन प्रकारचे डाग होते आणि त्यातल्या एकाचं कारण मला नक्की माहीत होतं.

मी खाली वाकून तो नकाशा पाहत असताना समोरच्या काकू भाजी घेऊन आल्या. काकू समोरच्या दारात राहतात आणि आमच्या दारात लक्ष ठेवतात.

"टूथपेस्ट लाव," काकू पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या.

"काकू, आधी डाग कशाचा आहे ते कळायला हवं."

"दाताला पेस्ट लावतेस तेव्हा काय खाल्लं होतं ते बघतेस का?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. काकूंना ते कळलं. त्या संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी गेली की माझ्याकडे उत्तर नाही, आणि मग एकेक जण येऊ लागला. पहिल्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले रॉकेल. त्यांच्या बायकोने त्यांना गप्प केलं आणि म्हणाली खोबरेल तेल. माझे सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले राख. राख आणायची कुठून, यावर त्यांचा आणि विमावाल्यांचा वाद झाला, तो ताईंच्या गाडीला टेकून. नवरा म्हणाला, भांडी घासायची पावडर.

"गाडी आहे ती, कढई नाही," मी म्हणाले.

"कढई निघते की नाही?"

सल्ला नाकारला की माणसं रागावतात, आणि सगळा घेतला तर गाडी जाते. मी मधला मार्ग काढला, तो शास्त्रीय होता. गाडीचे भाग पाडले. प्रत्येक भागावर एकच उपाय, मध्ये कागदी चिकटपट्टी. छपराला टूथपेस्ट. डिकीला रॉकेल. बॉनेटच्या डाव्या भागाला भांड्यांची पावडर, तीही अगदी हलक्या हाताने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉनेटचा उजवा भाग मी सोडला. त्याला काहीही लावायचं नाही. बाकीच्यांशी तुलना करायला एक भाग तरी जसाच्या तसा लागतो. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्यावर मी चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये.'

पाणी अर्थातच वर्ज्य होतं. सगळं कोरड्या फडक्याने.

डाग निघाले. मला इथे कोणावर अन्याय करायचा नाही; टूथपेस्टने डाग निघाले, रॉकेलने निघाले, पावडरने तर फारच निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी नवे आले. मी पुन्हा घासले. ते पुन्हा आले. ऑफिसला जाताना सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "मॅडम, रंगवायचं काम मध्येच सोडलं का?" मी काच वर केली. गाडीला पुदिन्याचा आणि रॉकेलचा एकत्र वास येत होता. काच खालीच बरी होती, पण मान महत्त्वाचा.

रोज नवे डाग येतात, याचा अर्थ ते वरून येतात. वर तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांच्या गॅलरीत इतक्या कुंड्या आहेत की इमारतीत त्यांना सगळे माळीबुवा म्हणतात. मी जाऊन फार सौम्य शब्दांत विचारलं की त्यांच्या कुंड्यांतून काही ठिबकतं का.

"ठिबकतं म्हणजे?" माळीबुवा म्हणाले. "माझ्या प्रत्येक कुंडीखाली बशी आहे. बशीखाली ताटली आहे. तुमच्या बाल्कनीतून माझ्या वहिनीच्या डोक्यावर चादर पडली होती, तेव्हा मी आलो होतो का विचारायला?"

चादर माझी नव्हती, चौथ्या मजल्याची होती. पण एकदा सौम्य शब्दांत बोलायला सुरुवात केली की मध्येच आवाज चढवता येत नाही. मी माफी मागून खाली आले. चादरीची.

मग मी कमिटीकडे गेले. निदान गाडी दुसऱ्या जागी उभी करू द्या, इतकंच मागणं. आमचे सेक्रेटरी जिन्याखालच्या खोलीत बसतात. तिथे एक टेबल, एक पंखा आणि पाण्याच्या पंपाचा आवाज आहे. सेक्रेटरी पंप थांबेपर्यंत बोलत नाहीत. पंप थांबला.

"डाग गाडीचा आहे की जागेचा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. डाग गाडीचा असेल तर तुमचा खाजगी प्रश्न. जागेचा असेल तर कमिटीचा. वरून पडत असेल तर ज्याच्या घरातून पडतो त्याचा. आणि गाडी मुळात तुमची नाहीच."

"माझ्या नणंदेची आहे."

"मग अर्ज नणंदेने करायला हवा."

"त्यांना हे कळायला नको आहे, म्हणून तर..." मी थांबले.

सेक्रेटरींनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. त्यांनाही नणंदा असाव्यात. त्यांच्या बायकोला तरी. "जागा बदलायला सभा घ्यावी लागते," ते हळूच म्हणाले, "आणि सभा घेतली की मागच्या सभेचं भांडण आधी पूर्ण करावं लागतं." पंप पुन्हा सुरू झाला.

आता विचाराल, बाई, तुमच्याकडे प्रयोगशाळा होती, सूक्ष्मदर्शक होता. एक डाग खरवडून काचेखाली का नाही धरलात? धरला असता. पण आमच्याकडे बाहेरचा नमुना तपासायला सक्त मनाई आहे. एका सहकाऱ्याने घरचं दूध तपासायला आणलं, मग दुसऱ्याने मध, मग कोणीतरी सासूबाईंचा काढा. तेव्हा हा नियम झाला. नियम मीच केला होता. भिंतीवर लावलेल्या कागदावर सही माझी आहे.

अखेर ताईंच्या येण्याची तारीख जवळ आली, आणि मी खरवडलेला पिवळा चुरा कागदाच्या पुडीत घेऊन आमच्या प्रमुखांपुढे उभी राहिले. त्यांनी पुडी पाहिली, मग भिंतीवरचा कागद पाहिला.

"वाचता येतंय ना मॅडम, तिथून?"

"येतं."

"खाली सही कोणाची आहे?"

"सर, गाडी नणंदेची आहे."

ते ताडकन उठले. त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकावरचं आवरण काढलं. जेवणाची सुट्टी होती. डबे हातात घेऊन सगळा विभाग माझ्यामागे उभा राहिला. मी काचपट्टीवर चुरा ठेवला, पाण्याचा थेंब सोडला, डोळा लावला.

परागकण. काटेरी गोळे, गुळगुळीत गोळे, तिकोनी, पाकळ्या असल्यासारखे. नुसते परागकणच, रिकामे झालेले, पचलेले. इतकं सुंदर दृश्य मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. फुलांवर जाऊन पराग खाणारं, आणि उडता उडता ते मागे टाकणारं कोण, हे सांगायला शास्त्राची पदवी लागत नाही.

"मधमाश्यांची विष्ठा!" मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी डबे बंद केले.

त्या आनंदात मी लवकर घरी आले आणि थेट गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीखाली, मागच्या बाजूला, पार्किंगमधून कधी दिसणार नाही अशा जागी, परातीएवढं पोळं लटकत होतं. त्या बाजूच्या कठड्यावरून वाकलं की बरोब्बर चार मजले खाली, निळं छप्पर.

सेक्रेटरींना मी वर नेऊन दाखवलं. ते लांबूनच बघत राहिले.

"या त्याच माश्या कशावरून?" ते म्हणाले. "पोळं आपल्याकडे असेल. पण डाग पाडणाऱ्या पलीकडच्या इमारतीतल्या असू शकतात. नुसत्या येऊन जात असतील."

मला आता त्यांची गरज नव्हती. कारण माझ्या डोक्यात तो पाण्याचा थेंब घोळत होता. काचपट्टीवर पाणी सोडताच तो कडक चुरा क्षणात सुटा होऊन पसरला होता. मी खाली आले, फडकं ओलं केलं, आणि बॉनेटच्या उजव्या भागावर, जिथे इतके दिवस थरावर थर साचला होता, तिथे अंथरून ठेवलं. थोड्या वेळाने उचललं.

एकही डाग नाही. खाली ताईंचा गडद निळा रंग, आरशासारखा. त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यामागे उरलेली गाडी दिसली.

उरलेल्या गाडीबद्दल थोडक्यात सांगते. छपरावर गोल गोल ओरखडे, जणू कोणी हजार कंगवे फिरवले. डिकी मेणचट. डावा पत्रा नकाशा. डावं बॉनेट राखाडी. इतके दिवस धुळीखाली आणि डागांखाली हे झाकलेलं होतं. आता शेजारी एक तुकडा लखलखत होता आणि सगळ्या गाडीची चुगली करत होता.

मी गाडी घेऊन पॉलिशवाल्याकडे गेले. तो गाडीभोवती फिरला, जीभ टाळ्याला लावून च्च च्च करत. बॉनेटच्या उजव्या भागाशी येऊन थांबला.

"याला काय लावलंत, मॅडम?"

"काहीच नाही."

"मग तेच सगळीकडे लावायचं होतं."

पॉलिश करायला त्याला चार दिवस हवे होते. ताई दुसऱ्याच दिवशी येणार होत्या. तो म्हणाला, घाईत करायचं तर एक मेण आहे, वरून फासलं की ओरखडे दिसत नाहीत. दोन धुण्यांनी पुन्हा दिसतात. नवरा म्हणाला, "लावून टाकू की! दोन धुणी होईपर्यंत ती आपल्या घरी गेलेली असेल." मला पटलं नाही. गाडी घासण्यात मी चुकले होते, पण ती चूक उघड होती. झाकली असती तर मी ताईंना दिलेलं उत्तर खोटं पडलं असतं, आणि 'जपेल' या शब्दाचं काय करायचं ते मला कळलं नसतं. मी ठरवलं की सगळं सांगायचं. पुरावा म्हणून तो उजवा भाग दाखवायचा: हे बघा, रंगाला काही झालं नव्हतं, माश्यांनी काही बिघडवलं नव्हतं, जे झालं ते माझ्या हाताने. निवेदन मी मनात तयार केलं. पाच वाक्यांत बसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना आणायला नवरा आमच्या गाडीने गेला. मी खाली उतरले तर पार्किंगमध्ये बाबा. बाह्या वर, हातात कोरडं फडकं, कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान.

"ये, ये," ते म्हणाले. "एवढा एक भाग तू विसरली होतीस. वेगळाच दिसत होता. पावडर लावून बाकीच्यासारखा करून टाकला."

चिठ्ठी त्यांनी नीट काढून, घडी घालून, वायपरखाली ठेवली होती. 'हात लावू नये.'

"बाबा, ही चिठ्ठी..."

"चष्मा वर राहिला. काय लिहिलंय?"

मी म्हणाले, काही नाही. मला रडू येत होतं, पण बाबांनी इतक्या मनापासून घासलं होतं की तेही नीट जमेना. पुरावा गेला. आता उरली ती एक सगळीकडून सारखी मळकट, सारखी ओरखडलेली गाडी आणि तिच्यासमोर उभी असलेली एक शास्त्र शिकलेली बाई.

ताई आल्या. सामान वर गेलं, बाबा वर गेले, नवरा वर गेला. तो अशा वेळी फार चपळ असतो. ताईंनी पर्स काखेत धरली आणि गाडीभोवती सावकाश चक्कर मारली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यायची त्यांची सवय आहे.

मी पाच वाक्यांतलं पहिलं वाक्य बोलले. "ताई, मला पाणी जड वाटलं."

ताईंनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी टाचा उंचावून छपरावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"टूथपेस्ट?"

"हो."

"कोरडं फडकं?"

"हो."

"गोल गोल घासलंस."

"हो. ताई, मी सगळं सांगणारच..."

"मी उभं घासलं होतं," ताई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. ताई वर बाल्कनीकडे एकदा बघून माझ्याजवळ सरकल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्या इतक्या जवळ कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"आमच्या टाकीखाली मधमाश्यांचं पोळं आहे. पहिल्या वर्षी मला काय माहीत, कशाचे डाग आहेत! शेजारणीने पेस्ट सांगितली. मी आठवडाभर घासत होते. छप्पर गेलं, बॉनेट गेलं. शेवटी सगळीच रंगवायला टाकली. तेव्हापासून ओलं फडकं. तुला सांगून गेले होते ना?"

"तुम्ही कारण नाही सांगितलंत."

"कारण सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं," ताई म्हणाल्या. "आणि तू तरी फोनवर कुठे सांगितलंस? 'काळजी घेते' म्हणे. मला तिथेच शंका आली. हेच वाक्य मी तेव्हा बाबांना म्हणायचे."

मी हिशेब जुळवत होते. छप्पर, बॉनेट, अख्खी गाडी. नव्या सुनेने न विचारलेला प्रश्न इतक्या वर्षांनी आपणहून तोंडात आला.

"ताई, मग तो टेम्पो?"

"कसला टेम्पो?" ताई म्हणाल्या.

तेवढ्यात टप् झालं. बाबांनी नुकत्याच घासलेल्या भागावर पिवळा थेंब. ताईंनी पर्समधून रुमाल काढला आणि माझ्यापुढे हात केला. मी गाडीतली पाण्याची बाटली काढून दिली. त्यांनी रुमालाचा कोपरा ओला केला, डागावर ठेवला, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि उचलला. डाग नव्हता.

वरून नवऱ्याचा भीत भीत आवाज आला. "काय चाललंय गं खाली?"

"टेम्पोवाल्यांबद्दल बोलतोय," ताईंनी वर न बघता सांगितलं, आणि रुमाल पिळून माझ्या हातात दिला.